हाताला हात लावा

मृदुलाने मान डोलावली, आणि डोलावून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आत्ताच खोटी साक्ष दिली. साक्ष काही कोर्टात नव्हती; ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या एका रेस्ट होमच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, स्टाफरूममध्ये होती. समोर न्यायाधीश नव्हता, मायक्रोवेव्ह होता, आणि त्यात कुणाचे तरी मासे गरम होत होते. तिच्या पुढ्यात उघडा डबा, डब्यात पोळी आणि मेथीची भाजी. वाद चालला होता तो तिचा नव्हताच. तिथे काम करणाऱ्या बायकांत निम्म्या फिलिपिनो, आणि २०१८च्या त्या मार्चमध्ये त्यांच्या देशाच्या संसदेत घटस्फोटाचं बिल आलं होतं. व्हॅटिकन सोडलं तर घटस्फोटाचा कायदाच नाही असा देश आता जगात आमचाच, असं लूझ सांगायची, आणि सांगताना तिला लाज वाटायची तसा थोडा अभिमानही वाटायचा. लूझ म्हणजे लुझविमिंदा, केअरगिव्हर. मृदुला नर्स, म्हणजे कामाच्या पायरीने वर. पण लूझ वयाने दोन वर्षांनी मोठी आणि आवाजाने वीस. तिचा नवरा तिकडे इलोइलोला दुसऱ्या बाईबरोबर राहत होता, त्या बाईपासून त्याला तीन मुलं होती, आणि कागदावर तो अजून लूझचाच होता. तिच्यासमोर टेसी बसलेली. टेसी नेमाने चर्चला जाणारी, नवरा मालवाहू बोटीवर. तिचं म्हणणं असं, की कायदा आला की पहिला हात पुरुष मारणार. आज पळून गेलेल्याला निदान पळपुटा म्हणता येतं; उद्या तो रीतसर सही करून जाईल आणि लोक त्याला नव्या लग्नाच्या शुभेच्छा देतील. यात काही तथ्य नव्हतं असं नाही. मृदुलाला तर ते चांगलंच पटलं होतं आणि ती नुसते पोळीचे तुकडे तोडत होती. तेवढ्यात लूझने हातातला काटा तिच्याकडे रोखला.

"हिच्याकडे बघ," लूझ टेसीला म्हणाली. बोलणं अर्थात इंग्रजीतलं, पण त्यातला ठसका कुठल्याही भाषेत कळला असता. "हिच्या देशात साठ वर्षं डिवोर्स आहे. तरी ही नवऱ्याबरोबर आहे की नाही? सुखात आहे की नाही? कायद्यानं घर मोडत नाही, टेसी."

टेसीने मृदुलाकडे पाहिलं, एखाद्या शेजारणीकडे खरं-खोटं विचारावं तसं, आणि मृदुलाने मान डोलावली. लूझ जिंकली. मायक्रोवेव्ह वाजला, कुणीतरी मासे काढले, आणि मृदुलाने डबा बंद केला, भाजी अर्धी तशीच ठेवून.

गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला आणि मग बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. आयुष्यात ती खोटं बोलली नव्हती असं थोडंच आहे. माउंट रॉस्किलच्या घरात सात वर्षं ती आणि तिचा नवरा गुरुनाथ वेगवेगळ्या खोल्यांत राहत होते, फ्रिजचा वरचा खण त्याचा, मधला तिचा, आणि हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल लागायचा तेव्हा दोघं सोफ्यावर शेजारी बसायचे. मधली उशी कॅमेऱ्यात दिसत नसे. सासूबाई म्हणायच्या, दोघं छान दिसता हो, आणि दोघंही छान हसायचे. पण ते सगळं न बोलण्याचं खोटं होतं. ते अंगवळणी पडलं होतं, त्याचं ओझं वाटेनासं झालं होतं. आजचं निराळं होतं. आज तिचा संसार पुरावा म्हणून वापरला गेला होता, आणि तोही कुठल्या बाजूने, तर सुटू पाहणाऱ्या बाईच्या बाजूने. रिचर्डसन रोडवर सिग्नलला उभी असताना तिला एकदम हसू आलं आणि शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला, तसं तिने ते हसू गिळलं.

का नाही घेतला आपण? हा प्रश्न तिने स्वतःला इतक्या सरळ शब्दांत कधी विचारलाच नव्हता. कायदा होता, तिच्या आईच्या लग्नाआधीपासून होता. इथल्या देशात तर आणखी सोपं, दोन वर्षं वेगळे राहिलात की झालं, कुणाचा काय दोष हेसुद्धा कुणी विचारत नाही. पण तिच्या माहेरी घटस्फोटाला कारण लागायचं, आणि ते कारण शेजाऱ्यांच्या गॅलरीतून दिसेल एवढं मोठं लागायचं. नवरा मारतो का? नाही. पितो का? दिवाळी-नाताळला एखादा ग्लास. बाहेर काही आहे का? छे, बाहेर जायचाच त्याला कंटाळा. मग तुला दुखतंय कुठे बाई? तिची मावसबहीण सुलेखा, लग्नानंतर आठ महिन्यांत परत आलेली. पुढे घरातल्या प्रत्येक लग्नात सुलेखाला कोठीवर बसवत. नारळ मोजून देणं, साखर काढून देणं, किल्ली सांभाळणं. किती विश्वासाने काम दिलंय बघा, असं सगळ्या म्हणायच्या, आणि कोठीची खोली नेहमी मांडवापासून लांब असायची. मृदुलाने तेव्हा सुलेखाताईला एकदा तिथे बसून चोरून बेदाणे खाताना पाहिलं होतं आणि तिला तिचा हेवा वाटला होता. सतराव्या वर्षी हेवा कशाचा वाटेल, सांगता येत नाही.

आणि दुखणं तरी काय होतं? २०११च्या फेब्रुवारीत क्राइस्टचर्चला भूकंप झाला त्या दुपारी गुरुनाथ तिथेच होता, ऑफिसच्या कामासाठी आदल्या दिवशी गेलेला. मृदुलाची संध्याकाळची पाळी होती, त्यामुळे ती घरी होती, आणि टीव्हीवर पडलेल्या इमारती दिसत होत्या. फोन लागत नव्हता. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि विचार करू लागली. सलोनीला, म्हणजे त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला, शाळेतून कुणी आणायचं. सासूबाईंना कोण सांगणार, दिरांनी सांगितलेलं बरं. इथलं घर ठेवायचं की भाड्याने द्यायचं. आपल्या पाळ्या दिवसाच्या करून मिळतील का. डोकं अगदी लख्ख चाललं होतं, वॉर्डात एखादा पेशंट ढासळतो तेव्हा चालतं तसं. आणि मग मध्येच तिच्या लक्षात आलं की सगळी व्यवस्था लागली, माणूस मात्र कुठेच नाही. सलोनीच्या बाबांसाठी छातीत धडधडत होतं, ते खरं. गुरुनाथसाठी काहीच होत नव्हतं. ती आत हात घालून शोधत राहिली. लग्न ठरल्यावर हा आपल्याला पर्वतीवर भेटला होता, त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो सगळ्या पायऱ्या एका पायाने अनवाणी उतरला होता. तेव्हा किती माया वाटली होती. ती आठवण सापडली. माया सापडली नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला, मी ठीक आहे, एका बागेत उभा आहे सगळ्यांबरोबर. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, जेवलास का?

दुसऱ्या दिवशी ती त्याला आणायला विमानतळावर गेली. त्याच्या बुटांवर राखाडी धूळ होती. गाडीच्या पार्किंगमध्ये त्याने बॅग खाली ठेवली आणि विचारलं, तुला भीती वाटली का? आता इथे कुठल्याही शहाण्या बाईने हो म्हटलं असतं. मृदुलाही एरवी शहाणीच. पण रात्रभर जागलेल्या माणसाला खोटं बोलायचं त्राण नसतं. सलोनीसाठी वाटली, ती म्हणाली. त्याने बॅग उचलून डिकीत ठेवली, आणि घरी आल्यावर आठवड्याभरात, आपण फार घोरतो, तुझ्या पाळ्या असतात, असं म्हणून त्याने आपलं पांघरूण पलीकडच्या खोलीत नेलं. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन चांगली माणसं एका छपराखाली परकी झाली आणि दोघांनी एकमेकांची त्यात फार मदत केली.

वर्षातून एकदा मात्र ती एकमेकांना शिवत. ऑकलंडच्या मराठी लोकांचा गणपती हॉलवर बसे, आणि त्यातल्या रविवारी सत्यनारायण. पूजेला जोडपं हवं. कुणाची पाळी, कुणाचे आई-वडील आलेले, कुणाला पाटावर मांडी घालता येत नाही. अशा सगळ्या अडचणींतून मार्ग काढत मंडळाच्या सुलभाताईंनी हे दोघं कायमचे मुक्रर केले होते. सुलभाताई मंडळाच्या अध्यक्ष कधीच नव्हत्या, आणि म्हणूनच मंडळ त्या चालवत. "आपला लक्ष्मीनारायणाचा जोडा," असं त्या माइकवर म्हणत. गुरुजी म्हणजे सुधाकरकाका, सोमवार ते शुक्रवार एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चुका काढायचे आणि शनिवार-रविवार देवाचं करायचे. ते दर थोड्या वेळाने मंत्र थांबवून म्हणत, "वहिनी, हाताला हात लावा." की मृदुलाने उजवा हात पुढे करून बोटं गुरुनाथच्या कोपरापाशी टेकवायची. पूजा त्याने करायची, पुण्य दोघांनी घ्यायचं. सात वर्षं त्या शरीराची तिला एवढीच काय ती खबर. एका वर्षी हात बारीक लागला तेव्हा कळलं की तो सकाळचं पळायला जातो. एका वर्षी त्वचा गार आणि बोटांना किंचित थरथर. नर्सची बोटं, त्यांना कळायचं ते कळलंच, आणि चार दिवसांनी त्याच्या खणात रक्तदाबाच्या गोळ्या दिसल्या. डॉक्टरकडे जाऊन यावं तसं ती दर सप्टेंबरात त्याच्या कोपराकडे जाऊन येत असे. आणि दर वर्षी, हात मागे घेताना, तिला पदराला बोटं पुसाविशी वाटत. ती पुसत नसे. घाण वाटायची म्हणून नव्हे. ज्याच्यावर आपला काही हक्क नाही अशा वस्तूला हात लावल्यासारखं वाटायचं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिकडच्या खालच्या सभागृहात बिल पास झालं. दुसऱ्या दिवशी लूझने मोठं ॲल्युमिनियमचं ताट भरून पान्सित आणलं, त्यांच्या त्या बारीक शेवया, भाज्या आणि लिंबू घातलेल्या. टेसीने दोन वेळा वाढून घेतलं आणि खाता खाता सांगितलं, की वरच्या सभागृहात ते पडावं म्हणून आपण रोज प्रार्थना करणार आहोत. लूझ म्हणाली, कर, पण आणखी घे. मृदुलाला एक घास जाईना. औषधांच्या खोलीत दोघीच होत्या तेव्हा तिने विचारलं, तुला आता इतकं काय पडलंय, तुमच्यात ते दुसरं असतं ना, अनलमेंट, ते का नाही केलंस? विचारताना आवाज वाकडा निघाला. तिलाच कळेना आपण लूझवर कशासाठी चिडलो आहोत.

लूझने ट्रे खाली ठेवला. अनलमेंटला काय लागतं ते तिने सांगितलं. लग्न मोडलं असं म्हणून चालत नाही. लग्न झालंच नव्हतं असं म्हणावं लागतं. नवरा पहिल्या दिवसापासून नवरा होण्याच्या लायकीचाच नव्हता, डोक्यानेच अपुरा होता, असं तज्ज्ञाकडून वदवून घ्यावं लागतं. तिचा वकील मेहुणा तयार होता सगळं जमवायला.

"मी नाही म्हणाले," लूझ म्हणाली. "तो वेडा नव्हता. तो गोड होता. चार वर्षं फार गोड होता. मी मावशीचे बूट घालून लग्नाला उभी राहिले, पाय सोलले, तरी नाचले. ते झालं होतं, मृदुला. मग ते संपलं. मला दोन्ही म्हणणारा कायदा पाहिजे. झालं होतं आणि संपलं."

मृदुला औषधांच्या कपाटाची किल्ली हातात धरून उभी होती. खोलीत फ्रिजची घरघर, बाहेर कुणा आजोबांचा टीव्ही. चपलेचा तुटलेला अंगठा, पर्वतीच्या पायऱ्या, एक पाय अनवाणी. झालं होतं. तिला वाटायचं, आता माया सापडत नाही म्हणजे तेव्हाचीही खोटीच असणार, आणि ते कबूल करायला नको म्हणून सात वर्षं ती लग्नाला टेकण लावून उभं ठेवत होती. संपलं असं म्हटलं तर झालेलं पुसलं जात नाही, उलट तेच जपलं जातं, हे तिला या बाईने पान्सितच्या दिवशी शिकवावं. मग तिने लूझला सगळं सांगितलं. खोल्या, फ्रिजचे खण, सोफ्यावरची उशी, कोपर. सांगायला वेळ लागला नाही. सात वर्षांचा ऐवज म्हणावा तर पाच मिनिटांत संपला.

लूझ हसेल असं तिला वाटलं होतं, किंवा जवळ घेईल. लूझ रागावली. "म्हणजे त्या दिवशी तू माझ्या बाजूनं नव्हतीस," ती म्हणाली. "तू टेसीच्या बाजूनं होतीस. टेसीला निदान कायदा अडवतो. तुला कोण अडवतं?"

मृदुलाकडे पुष्कळ उत्तरं होती, पण त्यातलं एकही त्या खोलीत मोठ्याने म्हणण्याजोगं नव्हतं. त्या शनिवारी सकाळी गुरुनाथ ओट्यापाशी त्याची कॉफी करत होता तेव्हा तिने त्याला सांगितलं. मला घटस्फोट हवा आहे. त्याने दूध ओतायचं थांबवलं नाही, फक्त फार हळू ओतलं. मग म्हणाला, का, काय बदललं? ती म्हणाली, काहीच बदललं नाही, आणखी वीस वर्षं बदलणार नाही, म्हणून. तो खिडकीतून बाहेर शेजाऱ्यांच्या गवताकडे पाहत राहिला. आरडाओरडा केला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण तो म्हणाला, ठीक आहे, दोघांच्या नावाने अर्ज करू. आईला मी सांगेन, माझ्या पद्धतीनं. आणि एक कर, या वर्षी पूजेला बस. सुलभाताईंनी ग्रुपवर टाकलंय. मृदुला हो म्हणाली. थोडं सवयीने, थोडं दयेने, आणि थोडं या आनंदात की एवढ्यावर निभावलं. सलोनी आता शहरात मैत्रिणींबरोबर राहून शिकत होती. तिला फोन केला तर ती म्हणाली, "आई, आय न्यू. लाइक, सिन्स आय वॉज ट्वेल्व्ह." आणि मग, "आर यू ओके? जेवलीस का?" तो प्रश्न मराठीत आला तेव्हा मृदुलाला रडू फुटलं. पोरीने बाकी सगळी भाषा टाकली, एवढं मात्र ठेवलं होतं.

कोर्टात कागद दाखल करायला लूझ बरोबर आली. तिची काही गरज नव्हती. खिडकीवर कागद द्यायचे आणि परत यायचं. पण लूझने चर्चला जायचा निळा झगा घातला होता आणि केसांना क्लिप लावली होती. तू कशाला सुट्टी घेतलीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, मी तुझ्या डिवोर्सला येते, माझ्या वेळी तू ये. तिकडे वरच्या सभागृहात बिल लटकलं होतं, आणि लटकलेलंच राहणार अशी चिन्हं होती. टेसीची प्रार्थना मनिलापर्यंत पोचलेली दिसत होती. तरी लूझने खिडकीवरच्या बाईकडे असं पाहिलं की त्या बिचारीने शिक्का जरा जोरातच मारला. मग दोघींनी कोपऱ्यावरच्या डेअरीतून, इथे किराणा दुकानाला डेअरीच म्हणतात, सारण भरलेले गरम पाई विकत घेतले, एकीने मटणाचा, एकीने चीजचा, आणि बाकावर बसून खाल्ले. थंडी मी म्हणत होती. लूझच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात घास. मृदुलाने तिचा हात धरला. किती दिवसांनी आपण कुणाचा हात धरावासा वाटला म्हणून धरला, असं तिच्या मनात आलं आणि तिने तो लगेच सोडला नाही.

ऑगस्टमध्ये कोर्टाचा आदेश पक्का झाला. मृदुला न्यू लिनला एक छोटं युनिट भाड्याने घेऊन राहायला गेली. विचारणाऱ्यांना, कामाजवळ बरं पडतं, एवढंच सांगे. आणि सप्टेंबरातल्या त्या रविवारी, शब्द दिला होता म्हणून, मोतिया रंगाची पैठणी नेसून पाटावर येऊन बसली. हॉलच्या दाराशी चपलांचा आणि इथल्या रबरी जँडल्सचा ढीग, आत कापूर, शिऱ्यातलं तूप, पोरांची पळापळ. सुलभाताईंनी माइकवरून लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हटलं. लोकांनी कौतुकाने पाहिलं. शेजारी गुरुनाथ, सोवळ्यात, खांद्यावर उपरणं, पाठ ताठ. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला त्याचा राग आला नाही. आपल्याला कितीतरी वर्षं याचा राग येत नाही, हेच किती मोठं सांगणं होतं. सुधाकरकाकांनी आचमन करवलं, संकल्प सांगायला लागले, गुरुनाथच्या तळहातावर पळीने पाणी घातलं, आणि मान वर न करता म्हणाले, "वहिनी, हाताला हात लावा."

तिचा हात उठला. तो आपोआप उठला, त्याला सात वर्षांची सवय. आणि कोपराच्या चार बोटं अलीकडे थांबला. मृदुलाला तो हात स्पष्ट दिसला, हिरव्या बांगड्या, नखाशी औषधाचा पिवळा डाग, आणि तिला कळलं की आता हा हात टेकला तर ते पूर्वीसारखं न बोललेलं खोटं राहणार नाही. देवापुढे, दोन-अडीचशे माणसांपुढे, संपलेलं संपलं नाही असं ती म्हणणार. तिला भीती वाटत होती का? वाटत होती. सुलभाताई पहिल्याच रांगेत होत्या. कोठीची ती खोली तिला दिसली, मांडवापासून लांब. आणि त्याच वेळी आत, फार आत, काहीतरी खदखदून वर येत होतं, आणि ते रडू नव्हतं. तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"काका, मी हात नाही लावणार," ती म्हणाली. "आमचा घटस्फोट झालाय. गेल्या महिन्यात."

माइक चालूच होता. संकल्पासाठी म्हणून तो गुरुजींच्या पुढ्यात ठेवला होता, त्यामुळे जे दोघांना सांगायचं ते हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलं. पोरंसुद्धा थांबली. सुलभाताई अर्धवट उठल्या आणि म्हणाल्या, मृदुला, देवापुढे थट्टा नको. थट्टा नाही हो, मृदुला म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं की आवाज किती साधा निघाला, औषधाची वेळ सांगावी तसा. सुधाकरकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. चूक कुठे आहे हे शोधायची त्यांना रोजची सवय. त्यांनी विचारलं, कायद्याने झालाय? कायद्याने. मग त्यांनी तबकातून एक सुपारी उचलली, धोतराला पुसली आणि म्हणाले, शास्त्रात सोय आहे. पत्नीच्या ठिकाणी सुपारी ठेवता येते. सुलभाताईंनी बजावलं, की ती सोय बायको परगावी गेली असेल तर असते. "न्यू लिनला गेल्यात," सुधाकरकाका म्हणाले, आणि कुणीतरी मागे फसकन हसलं.

आता सगळे गुरुनाथकडे बघत होते. त्याच्या तळहातावरचं पाणी केव्हाच गळून गेलं होतं, तरी तळहात तसाच पुढे होता. याचा अपमान करावा असं तिच्या मनात नव्हतं, पण झाला असेल तर तिला तो परत घेता येणार नव्हता. गुरुनाथने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत त्याने असं सरळ पाहिलं नव्हतं. त्याचे खांदे खाली आले, अगदी थोडे, दिवसभर धरून ठेवलेली पिशवी खाली ठेवल्यावर येतात तसे.

"ठेवा सुपारी," तो म्हणाला. "मृदुला, तू ऊठ. पाय दुखतील तुझे."

सुपारी पाटावर ठेवली गेली. गुरुजींनी तिला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. सुपारी काही बोलली नाही, तिने कुणाच्या कोपराला हात लावला नाही, आणि पूजेचं काही अडलं नाही. मृदुला उभी राहून ते बघत होती. इतकी वर्षं आपण जे काम केलं ते इतकं व्यवस्थित कुणालाही जमतंय हे पाहून तिला इतकं हलकं वाटलं की पैठणीचा भारसुद्धा कळेना. उठून जायचं कुठे हा प्रश्नच होता. सवयीने पाय स्वयंपाकघराकडे वळले, तिथे शिरा ढवळायला एक हात कमी असतोच, आणि अशा वेळी बायकांनी तिथेच नाहीसं व्हायचं असतं. दोन पावलं टाकून ती थांबली आणि परत फिरली. पहिल्या रांगेत सुलभाताईंच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची पर्स होती. मृदुलाने ती उचलली, सुलभाताईंच्या मांडीवर ठेवली आणि खुर्चीत बसली. सुलभाताईंनी पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. सलोनी मागून येऊन तिच्या पायांशी जमिनीवर बसली. आईच्या गुडघ्याला टेकून तिने हळूच, "स्वीट ॲज," हे इथल्या पोरांचं झकास, एवढंच म्हटलं.

पाचही अध्याय तिने पहिल्यांदाच नीट ऐकले. मग सगळे आरतीला उभे राहिले. ताम्हन गुरुनाथने एकट्याने धरलं होतं, दोन्ही हातांनी, आणि ते तिच्या बोटांशिवाय छान गोल फिरत होतं. मृदुलाचे दोन्ही हात रिकामे होते. तिने टाळी वाजवली. मग दुसरी, जरा जोरात. गळा मोकळा करून ती म्हणू लागली, कडवं चुकलं तरी म्हणत राहिली. सुलभाताईंनी मान वळवून, जरा ताल सांभाळ, अशी खूण केली, आणि आजूबाजूच्या दोन-तीन बायका तिच्याकडे बघून, का कोण जाणे, आपल्याही टाळ्या मोठ्या करू लागल्या. मृदुलाचे तळवे लाल झाले, झोंबायला लागले. आरती संपली, घंटा थांबली, शंख वाजून गेला, तरी तिच्या चार टाळ्या जास्तच पडल्या.